सीईटीचा निकाल लागला. आता कोणतं कॉलेज मिळेल याचा खरा अंदाज कसा बांधायचा?

अभियांत्रिकीच्या प्रवेशात सगळ्यात जास्त चकवणारा आकडा म्हणजे पर्सेंटाइल. तो सात दशांश स्थळांपर्यंत छापून येतो, म्हणून फार नेमका वाटतो, आणि निकाल लागला की घरातलं सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरू लागतं. "मागच्या वर्षी शेजारच्या मुलाला एवढ्यालाच पुण्यात कॉम्प्युटर मिळालं होतं, मग आपल्याला का नाही मिळणार?" या एका वाक्याच्या भरवशावर कितीतरी घरांत पसंतीक्रमाचा अर्ज भरला जातो. मग पहिली फेरी लागते, हाती काहीच येत नाही आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोराला वाटतं की आपलंच चुकलं. त्याचं काहीच चुकलेलं नसतं. अंदाज चुकीच्या आकड्यावर बांधलेला असतो.

हा लेख एमएचटी-सीईटीच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटातून कॅपला, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेला उतरणाऱ्या मुलामुलींच्या आई-बाबांसाठी आहे. अंदाज बांधायला महागडा सल्लागार लागत नाही. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची मागच्या वर्षांची कटऑफ पत्रकं, एक वही आणि दोन-तीन निवांत संध्याकाळी पुरतात.

पर्सेंटाइल काय सांगतं आणि काय लपवतं

पीसीएमचा पेपर २०० गुणांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे. चुकलं तर गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होते, त्यामुळे गुणांऐवजी पर्सेंटाइल दिलं जातं: त्या सत्रात बसलेल्यांपैकी शेकडा किती जण तुमच्याएवढ्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढंच ते सांगतं. ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातला एक जण पुढे. पण असे शंभर-शंभरचे गट किती, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

आणि तिथेच सगळा फरक पडतो. २०२४ मध्ये पीसीएमला साधारण तीन लाख मुलं बसली होती, २०२५ मध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास. म्हणजे २०२४ मध्ये ९९ पर्सेंटाइलच्या मुलापुढे साधारण ३,००० जण होते, २०२५ मध्ये त्याच ९९ च्या मुलापुढे ४,२०० च्या आसपास. पर्सेंटाइल तेच, रांगेतली जागा हजारभराने मागे.

आता कॉलेजच्या बाजूने पाहा. एखाद्या शाखेत जागा ठरलेल्या असतात. तिथे ३,००० व्या मुलापर्यंत जागा पुरत असतील, तर परीक्षेला तीन लाख बसोत की सव्वाचार लाख, ती शाखा ३,००० च्या आसपासच बंद होणार. पहिल्या वर्षी तिचं कटऑफ ९९ छापून येईल आणि दुसऱ्या वर्षी ९९.२९. लोक म्हणतील, "कटऑफ वाढलं." वाढली असते ती गर्दी.

म्हणून पहिला नियम: दोन वर्षांच्या पर्सेंटाइलची एकमेकांशी तुलना करायची नाही. तुलना करायची ती राज्य गुणवत्ता क्रमांकाची, म्हणजे ज्याला सगळे मेरिट नंबर म्हणतात त्याची. कटऑफच्या पत्रकात प्रत्येक रकान्यात हे दोन्ही आकडे दिलेले असतात: मेरिट नंबर, आणि कंसात पर्सेंटाइल. बहुतेकांची नजर कंसावर जाते. तुम्ही कंसाबाहेरचा आकडा वाचा.

मेरिट नंबर आधीच कसा काढायचा

खरा मेरिट नंबर कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर लागणाऱ्या यादीत कळतो. आधी तात्पुरती यादी, मग हरकती, मग अंतिम यादी. पण निकाल आणि यादी यांच्यामध्ये बरेच दिवस जातात, आणि घरातल्या चर्चा नेमक्या याच दिवसांत होतात.

या दिवसांसाठी एक युक्ती आहे. मागच्या वर्षीचं कोणतंही कटऑफ पत्रक उघडा आणि तुमच्या पर्सेंटाइलच्या अगदी जवळचे आठ-दहा आकडे शोधा, कुठल्याही कॉलेजचे, कुठल्याही शाखेचे. त्यांच्याबरोबर छापलेले मेरिट नंबर वहीत लिहा. मागच्या वर्षी तुमच्या पर्सेंटाइलला साधारण कितवा नंबर होता हे लगेच दिसेल. मग या वर्षी परीक्षेला बसलेल्यांचा आकडा भागिले मागच्या वर्षीचा आकडा असं गुणोत्तर काढून त्या नंबराला गुणा. हा तुमचा कच्चा नंबर.

पर्सेंटाइलवरून थेट गणित केलं, म्हणजे बसलेल्या मुलांची संख्या गुणिले तुमच्यापुढे असलेल्यांचे टक्के, तर येणारा आकडा खऱ्या नंबरापेक्षा मोठा असतो. कारण सीईटीला बसलेले सगळे कॅपला नोंदणी करत नाहीत. मागच्या पत्रकावरून केलेल्या हिशेबात ती गळती आपोआप धरली जाते, म्हणून तो जास्त विश्वासाचा.

खरी यादी लागली की कच्चा नंबर खोडून टाका. एकाच पर्सेंटाइलच्या मुलांमध्ये आधी गणिताचं, मग भौतिकशास्त्राचं, मग रसायनशास्त्राचं पर्सेंटाइल पाहिलं जातं. त्यामुळे वरच्या भागात दशांशानंतरच्या आकड्यांनाही किंमत असते.

आपला रकाना कोणता?

माझ्या मते सगळ्यात जास्त मुलांचा अंदाज इथे चुकतो. कटऑफ पत्रकातला प्रत्येक रकाना म्हणजे वेगळी रांग आहे, आणि तुमचं मूल एकाच वेळी अनेक रांगांत उभं असतं.

रकान्याच्या नावात तीन गोष्टी असतात. सुरुवातीला "जी" किंवा "एल": जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मध्ये प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी, एसटी, व्हीजे (विमुक्त जाती), एनटीचे (भटक्या जमातींचे) तीन गट, एसईबीसी (मराठा आरक्षण). शेवटी "एस", "एच" किंवा "ओ": एस म्हणजे राज्यस्तरीय जागा, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांसाठी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरच्यांसाठी. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), टीएफडब्ल्यूएस (फीमाफीच्या जागा), अपंग, संरक्षण दल आणि अनाथ यांचे रकाने वेगळे असतात.

शेवटच्या अक्षराकडे फारसं कुणी पाहत नाही. पुण्याची सीओईपी किंवा माटुंग्याची व्हीजेटीआय यांसारख्या ठिकाणी राज्यस्तरीय रांग आहे, म्हणजे गडचिरोलीचा मुलगा आणि कोथरूडची मुलगी एकाच रांगेत. पण जिथे एच आणि ओ असे रकाने आहेत, तिथे बहुतांश जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना जातात आणि उरलेल्या बाहेरच्यांना. दोन्हींचं कटऑफ बरंच वेगळं असू शकतं. कोणत्या कॉलेजात कोणती पद्धत आहे ते पत्रकातल्या मथळ्यांवरून कळतं, त्यामुळे ऐकीव माहितीवर जाऊ नका.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून झाली यावरून, घर कुठे आहे यावरून नाही. नाशिक आणि अहिल्यानगरची मुलं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या हद्दीत येतात, म्हणजे पुण्यातल्या अशा कॉलेजात ती एचच्या रांगेत. सोलापूरची मुलं सोलापूर विद्यापीठाची, म्हणून पुणे कितीही जवळचं वाटलं तरी तिथे ती ओमध्ये. आणि घर सोलापूरला असूनही अकरावी-बारावीसाठी लातूरला राहिलेला मुलगा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचा ठरतो. दहावीनंतर मुलाला बाहेरगावी ठेवताना याचा विचार बहुतेक घरांत झालेला नसतो. दोन वर्षांनी कटऑफ पाहताना तो एकदम समोर येतो.

सीमाभागातल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त गावांतून शिकलेल्या, मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी कॅपमध्ये "ई" हा उमेदवारीचा वेगळा प्रकार आहे. बेळगाव, निपाणीकडच्या पालकांनी आपलं मूल सरळ परराज्यातलं समजून सोडून देऊ नये. माहितीपुस्तिकेत तो भाग नीट वाचावा.

आता मुलीचं उदाहरण घ्या. नाशिकची, ओबीसी, नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र असलेली मुलगी पुण्यातल्या एच-ओ पद्धतीच्या कॉलेजात चार रांगांत उभी असते: जी-ओपन-एच, एल-ओपन-एच, जी-ओबीसी-एच, एल-ओबीसी-एच. चारही रकान्यांतले मेरिट नंबर लिहा आणि त्यांतला सगळ्यात मोठा नंबर तिच्यासाठी धरा, कारण त्या रांगेत ती सर्वांत मागच्या क्रमांकालाही आत जाऊ शकते. बहुतेक वेळा तो एल-ओबीसी-एच असतो, पण नेहमी नाही. एखाद्या शाखेत त्या रकान्यात एक-दोनच जागा असतात आणि त्या वर्षी त्या दोन वरच्या मुलींनी घेतलेल्या असतात. म्हणून चारही पाहायचे.

हे सगळं कागदपत्रांवर अवलंबून आहे. नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, जातवैधता हवी, ईडब्ल्यूएससाठी चालू वर्षाचं प्रमाणपत्र हवं. सरकार अनेकदा मुदत वाढवून देतं हे खरं, पण मुदतीत कागद आला नाही तर मूल खुल्या गटात मोजलं जातं आणि घरी बसून केलेला सगळा अंदाज बाद होतो. जातवैधतेचा अर्ज अजून समितीकडे पडून असेल, तर वहीत दोन हिशेब मांडा: एक कागद आला तर, दुसरा नाही आला तर.

कोणती वर्षं धरायची

साधारण तीन वर्षं पाहावीत, पण डोळे झाकून सरासरी काढू नये. २०२४ पासून मराठा समाजासाठी एसईबीसीचं दहा टक्के आरक्षण लागू झालं. त्याआधी खुल्या आणि ईडब्ल्यूएसच्या रांगेत उभी असलेली पुष्कळ मुलं त्यानंतर दुसऱ्या रांगेत गेली, आणि कुणबी नोंदी सापडलेली काही ओबीसीत. २०२३ चं खुल्या गटाचं किंवा ईडब्ल्यूएसचं पत्रक म्हणूनच आता फारसं कामाचं नाही.

फेऱ्यांचंही तसंच. २०२४ पर्यंत कॅपच्या तीन फेऱ्या होत्या, २०२५ मध्ये चार झाल्या. मागची तिसरी फेरी आणि आताची तिसरी फेरी एकाच मापाने मोजता येत नाही. अंदाजासाठी पहिल्या फेरीचं आणि शेवटच्या फेरीचं, अशी दोन्ही पत्रकं समोर ठेवा. पहिली फेरी दाखवते की सगळी गर्दी समोर असताना शाखा कुठे बंद झाली. शेवटची दाखवते की ती जास्तीत जास्त कुठवर सरकली.

वरच्या कॉलेजांत हे सरकणं कशामुळे होतं हेही समजून घ्या. सीओईपी आणि व्हीजेटीआयच्या पहिल्या काही शे मुलांपैकी बरीच आयआयटी, एनआयटी किंवा बिट्सकडे जातात. कॅप उशिरा सुरू झाली की ती मुलं आधीच निघून गेलेली असतात आणि पहिल्या फेरीचं कटऑफच बऱ्यापैकी खरं निघतं. कॅप लवकर झाली तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जागा सुटतात. म्हणून मागच्या वर्षीच्या पत्रकाबरोबर वेळापत्रकही बघा.

नव्या शाखांना इतिहास नसतो. आर्टिफिशियल इंटेलिजन्स, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा नावांच्या शाखा गेल्या काही वर्षांत भराभर आल्या. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून शाखेतल्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढल्यावर चांगल्या खाजगी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. जागा वाढल्या की त्या शाखेचा मेरिट नंबर मागे सरकतो, म्हणजे तुमच्या फायद्याचा होतो. या वर्षीची प्रवेशक्षमता मागच्या वर्षीपेक्षा वाढली का, हे प्रत्येक पसंतीसाठी तपासा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि फार थोडे लोक ते करतात.

पट्टे पाडा

आता वहीत प्रत्येक कॉलेज-शाखेपुढे दोन आकडे लिहा: तुमच्या रकान्यात गेल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत लवकर बंद झालेला मेरिट नंबर आणि सर्वांत उशिरा बंद झालेला.

समजा, मुलीचा मेरिट नंबर ७,६०० आहे. एका शाखेचे तिच्या रकान्यातले शेवटचे नंबर ८,९००, ९,४०० आणि ९,१०० आहेत. सगळ्यात कडक वर्षीही ती आत होती. ही शाखा "मिळेल" या पट्ट्यात. दुसऱ्या शाखेचे नंबर ६,९००, ८,१०० आणि ७,४००. हिचा नंबर या आकड्यांच्या मधोमध पडतो. ही "होऊ शकतं" या पट्ट्यात, आणि इथे कुणी तुम्हाला खात्री देत असेल तर त्याचं ऐकू नका. तिसरीचे ६,१००, ६,८०० आणि ६,५००. सगळ्यात सैल वर्षीही ही शाखा तिच्याआधी बंद झाली होती, पण फार दूर नाही. ही "आशा" पट्ट्यात. चौथी दर वर्षी २,००० च्या आत बंद होते. ती या वर्षी नाही.

पट्ट्याची रुंदी नंबरावर ठरते. पाचशेच्या आत असलेल्या मुलासाठी पन्नास-साठ नंबरांचा फरकही मोठा. तीस हजारांवरच्या मुलासाठी तीन-चार हजारांचं इकडे-तिकडे सहज होतं, कारण तिथे आवडीनिवडी विखुरलेल्या असतात आणि गावाजवळचं कॉलेज, वसतिगृह, फी यांवर निर्णय फिरतात. सगळ्यात कडक वर्षापेक्षाही दहा टक्के नंबर हातात शिल्लक असेल तरच मी एखाद्या शाखेला "मिळेल" म्हणतो.

वरच्या टोकाचा थोडा अंदाज असावा म्हणून सांगतो: सीओईपीच्या कॉम्प्युटरला खुल्या गटात गेली काही वर्षं ९९.८ च्या वरच लागतं. २०२५ च्या गर्दीत ९९.८ म्हणजे सव्वाचार लाखांत पहिली साडेआठशे मुलं. ९९ वाल्या मुलाची हुशारी यात कुठेही कमी होत नाही, पण खुल्या गटातून त्या एका शाखेसाठी तो लांब आहे, आणि हे त्याला निकालाच्या आठवड्यातच कळलेलं बरं.

त्याच सीओईपीत धातुशास्त्र, सिव्हिल, मॅन्युफॅक्चरिंग या शाखांचा मेरिट नंबर कॉम्प्युटरपेक्षा खूप मागे जातो. व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइल आणि प्रॉडक्शनचंही तेच. १८५४ पासून चालू असलेल्या सीओईपीसारख्या संस्थेचं नाव हवं की मनातली शाखा हवी, हा प्रश्न इथे उभा राहतो. मुलाला यंत्रांची, धातूंची खरी आवड असेल तर या शाखा म्हणजे मोठी संधी. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून मिळेल या हिशेबाने घेत असाल तर थांबा. तशा बदलाच्या जागा मोजक्या असतात आणि त्यासाठी वर्गातली सगळ्यात वरची मुलं धडपडत असतात.

मुंबईत राहणाऱ्यांनी अल्पसंख्याक कॉलेजांकडेही नीट पाहावं. डी. जे. संघवी गुजराती भाषिकांसाठी, चेंबूरचं व्हीईएसआयटी सिंधी समाजासाठी. अशा ठिकाणी निम्म्याहून जास्त जागा त्या समाजाच्या मुलांकडे जातात. बाकीच्यांसाठी उरलेल्या जागा कमी, त्यामुळे कॉलेजच्या एकूण जागा पाहून हुरळून जाऊ नका. रासायनिक अभियांत्रिकीत रस असेल तर माटुंग्याच्या आयसीटीच्या (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) जागांतला मोठा भाग सीईटीवर आणि बाकीचा जेईई मेनवर भरतो. जेईई मेन दिलेली असेल तर राज्यातल्या इतर काही कॉलेजांतल्या ऑल इंडिया जागाही पाहा, पत्रकात त्यांचा रकाना वेगळा असतो.

पसंतीक्रम: इथे अंदाज बाजूला ठेवायचा

हे वाचून गोंधळ होईल, पण मनापासून सांगतो. अंदाज यादीत काय घ्यायचं ते ठरवण्यासाठी आहे, यादीतला क्रम ठरवण्यासाठी नाही. अर्जात ३०० पर्यंत पसंती देता येतात. संगणक वरून खाली जातो आणि पहिली मिळणारी जागा देतो. न मिळणाऱ्या दहा पसंती वर लिहिल्या म्हणून अकराव्या पसंतीची शक्यता तसूभरही कमी होत नाही. "वर लिहून पसंती वाया कशाला घालवायची?" हा सल्ला दर जूनमध्ये ऐकू येतो, आणि त्यापायी मुलं स्वतःच्या आवडीचं कॉलेज चौथ्या जागी टाकतात.

मात्र २०२५ च्या नियमांमुळे एक सावधगिरी लागते. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही मिळाली तर ती पक्की होते, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही, आणि चौथ्या फेरीत जे मिळेल ते. अशी जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणजे पहिल्या सहा ओळींत फक्त तीच नावं हवीत, जी मिळाली तर मूल आनंदाने जाईल. "होऊ शकतं" आणि "आशा" या पट्ट्यांतल्या आवडत्या शाखा इथेच बसतात. "मिळेल" पट्ट्यातली, पण मन न मानणारी शाखा सातव्या ओळीच्या वर नको.

यादी कुठे संपवायची हे मात्र अंदाजच सांगतो. शेवटी "मिळेल" पट्ट्यातल्या किमान आठ-दहा शाखा असाव्यात आणि त्यातली प्रत्येक आई-बाबांनी आणि मुलाने जाऊन पाहिलेली असावी: वसतिगृह, प्रयोगशाळा, बसचा रस्ता. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, म्हणून या वर्षीची माहितीपुस्तिका आल्यावर जागा पक्की होण्याचे वरचे आकडे (पहिली, पहिल्या तीन, पहिल्या सहा) पुन्हा तपासा.

टीएफडब्ल्यूएसबद्दल एकच सांगतो. या फीमाफीच्या जागा प्रवेशक्षमतेच्या वर पाच टक्के असतात, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी, आणि त्या निव्वळ गुणवत्तेवर भरतात. कटऑफ बहुतेक वेळा त्याच शाखेच्या खुल्या गटापेक्षाही वर असतं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४ पासून कॅपमधून घेतलेल्या प्रवेशावर शिक्षण शुल्काची शंभर टक्के सवलत आहे, त्यामुळे त्यांनी टीएफडब्ल्यूएससाठी जीव टाकण्याची गरज नाही. व्यवस्थापन कोट्यातून गेल्यास मात्र ही सवलत मिळत नाही.

मुलाला सांगताना

मूल सोबत बसलेलं असावं. वही त्यानेच भरावी, आकडे त्यानेच शोधावेत. आपण निष्कर्ष काढून त्याच्यासमोर ठेवला तर तो आई-बाबांचा निर्णय होतो. त्याने स्वतः तीन वर्षांचे नंबर लिहिले की त्याला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. "नाही मिळणार" हे वाक्य त्याला पहिल्या फेरीच्या रात्री मोबाइलवर वाचायला लागण्यापेक्षा वहीत आधी दिसलेलं कमी दुखतं.

नातेवाइकांसमोर पट्टे सांगू नका. "अजून फेऱ्या व्हायच्यात," एवढं पुरे. काका-मामा प्रेमापोटीच विचारतात, पण त्यांनी दिलेली आशा किंवा घातलेली भीती मूल महिनाभर वाहून नेतं.

अजून बारावीत असलेल्या मुलासाठी हाच हिशेब सराव परीक्षांवरून करायला जाऊ नका. क्लासच्या चाचणीतले गुण आणि सीईटीचं पर्सेंटाइल यांचं नातं सत्रागणिक बदलतं. त्या वयात एवढंच पाहावं की गणित कच्चं राहत नाहीये ना, कारण निम्मे गुण तिथे आहेत, आणि बारावीचा अभ्यासक्रम पक्का आहे ना, कारण जवळपास ८० टक्के प्रश्न त्यावर येतात. बारावीत पीसीएमला खुल्या गटात ४५ आणि राखीव गटात ४० टक्के लागतात हेही विसरू नये. सीईटीत उत्तम करून इथे अडकलेली मुलं असतात.

फेरी लागल्यावर पुन्हा हिशेब

पहिली फेरी लागली की मागच्या वर्षीची सगळी पत्रकं बाजूला ठेवा. आता या वर्षीचं पत्रक हातात आहे आणि ते जास्त खरं आहे. तुमच्या रकान्यात तुमच्या पसंतीची शाखा कोणत्या नंबरावर बंद झाली ते पाहा. मग मागच्या वर्षी पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत ती किती सरकली होती ते पाहा आणि तेवढंच सरकणं या वर्षीच्या आकड्यात मिळवा. तुमचा नंबर त्यात बसत असेल तर थांबण्यात अर्थ आहे. मिळालेली जागा स्वीकारून वरच्या पसंतीसाठी थांबता येतं आणि वरची मिळाली तर आधीची आपोआप सुटते. तुमचा नंबर त्या पलीकडे असेल तर पुढच्या फेरीचा अर्ज भरताना ती शाखा वर राहू द्या, पण तिच्यासाठी रोज रात्री जागू नका.

दुसऱ्या फेरीच्या आधी रिक्त जागांचा तक्ता येतो. त्यात तुमच्या रकान्यात शून्य दिसलं तरी शाखा संपली असं समजू नका. वरची मुलं अधिक चांगलं मिळवून निघाली की त्याच फेरीत ती जागा खाली येते. तिसऱ्या फेरीनंतर मात्र सरकणं मंदावतं. चौथ्या फेरीचा अर्ज भरताना "आशा" पट्टा काढून टाकला तरी फार नुकसान होत नाही, आणि खालची यादी दुप्पट लांब करा, कारण तिथे जे मिळेल ते अंतिम असतं.

चारही फेऱ्यांनंतर उरलेल्या जागा कॉलेज स्वतःच्या पातळीवर भरतात. त्यासाठी प्रत्येक कॉलेजकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि मुदत दोन-चार दिवसांचीच असते. मूळ कागदपत्रांची फाइल, दोन-तीन संच छायाप्रती आणि फीचा डिमांड ड्राफ्ट काढण्याची तयारी त्या आठवड्यात असू द्या, आणि कॉलेजच्या संकेतस्थळावरची सूचना दिवसातून दोनदा पाहा.